जन्मठेप आणि काडीमोड

ज्या अपराधासाठी माणसाला दहा, चौदा किंवा वीस वर्षे तुरुंगात काढावी लागतात, त्याचा इनसाफ करताना न्यायाधीश आरोपीचा हेतू तपासतो, साक्षीपुरावा तोलतो, जखमांची आणि हत्यारांची कैफियत ऐकतो आणि अखेरीस शिक्षेचा हुकूम लिहितो. परंतु त्याच हुकुमाचा जो अंमल त्याच दिवसापासून कैद्याच्या घरात सुरू होतो, त्याला निकालपत्रात एक ओळही मिळत नाही. मागे राहिलेली पत्नी कायद्याने सौभाग्यवती आणि व्यवहाराने निराधार अशा अवस्थेत जगू लागते, आणि तिला नव्याने संसार मांडण्याची वाट मोकळी आहे की नाही हे ज्याने त्याने आपापल्या परीने शोधून काढावयाचे असते.

हा पेच विवाहसंस्थेइतकाच जुना असावा असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः त्याचे आजचे रूप फार जुने नाही. तो उत्पन्न होण्यास दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: कैद वर्षानुवर्षांची असावी लागते आणि विवाह सुटण्यास कठीण असावा लागतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य समाजाच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अंमलाबरोबर, हातात हात घालून आल्या. त्यापूर्वी काय होते, मग काय झाले आणि त्याची भरपाई पुढील कायद्यांनी कितपत केली, याचा हिशेब येथे मांडावयाचा आहे.

पेशवाईतील शिक्षांकडे पाहिले म्हणजे यातील पहिल्या गोष्टीचा उलगडा होतो. त्या काळी अपराध्याकडून ऐपतीप्रमाणे गुन्हेगारी, म्हणजे दंड, वसूल होई, घरदार जप्त होई, हद्दपारी होई. चोरी-दरोड्यात हातपाय तोडले जात आणि बंडखोरास देहान्त शासन मिळे. कैदही होती, आणि तिच्यासाठी किल्ले होते: पायांत बेडी घालून माणूस किल्ल्यावर रवाना करावा आणि तेथे त्याला नेमलेला शिधा मिळावा, अशी वहिवाट होती. मात्र अमुक अपराधाला अमुक वर्षे असे कोष्टक त्या कैदेमागे नसे. सरकारची मर्जी फिरेपर्यंत, दंडाचा भरणा होईपर्यंत किंवा भरवशाचा हाजिरजामीन उभा राहीपर्यंत ती चाले. म्हणून घरच्या माणसांचा सारा खटाटोप वशिला, पैसा आणि जामीन मिळवण्याकडे लागलेला असे. मुदत ठरलेली नसल्याने वाट पाहण्याचीही मुदत ठरत नसे, आणि कैद्याच्या बायकोचा प्रश्न हा दरबारापुढे कधी न येता जातीपुढे येई.

जातीपुढे तो कोणत्या रूपाने येई हे पाहण्याआधी शास्त्र काय म्हणत होते ते पाहिले पाहिजे, कारण पुढे इंग्रज न्यायाधीशांनी शास्त्राचाच आधार घेऊन जातीचा अधिकार मोडला. पती नाहीसा झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, अशा पाच आपत्तींत स्त्रीस दुसरा पती करण्याची मोकळीक नारद आणि पराशर या दोन्ही स्मृतिकारांनी दिली आहे. याच वचनाच्या बळावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाचा वाद लढवला आणि त्यातून १८५६ चा कायदा निघाला. पती परदेशी गेला असता त्याची वाट किती काळ पाहावी याचेही माप नारदाने घालून दिले आहे: ब्राह्मण स्त्रीने आठ वर्षे, अपत्य नसल्यास चार, क्षत्रिय स्त्रीने सहा किंवा तीन, वैश्य स्त्रीने चार किंवा दोन, आणि शूद्र स्त्रीस मुदतच नाही. मनूनेही पती धर्मकार्यासाठी गेला असता आठ, विद्या वा कीर्ती यांसाठी गेला असता सहा आणि कामासाठी गेला असता तीन वर्षे, असे अंक सांगितले आहेत. परंतु प्रस्तुत प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर कौटिल्याच्या ग्रंथात सापडते. ज्या पतीचा त्याग करता येतो अशांची यादी देताना त्याने नीचत्व पावलेला, परदेशी गेलेला, पत्नीच्या जिवावर उठलेला, पतित आणि क्लीब यांच्या पंक्तीला राजाचा अपराधी असलेला पतीही बसवला आहे. परस्परांचा द्वेष हे विवाहमोक्षाचे कारण त्याला मान्य आहे, मात्र ब्राह्मादी चार धर्म्य विवाहांना मोक्ष नाही असे तो त्याच ठिकाणी बजावतो. दुर्दैव असे की शामशास्त्री यांनी हा ग्रंथ १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध करीपर्यंत विद्वानांनाही तो अप्राप्यच होता. मुंबईच्या न्यायालयांनी आपले निकाल देऊन टाकले त्या काळात राजापराधी पतीविषयीचे हे मत सांगणारा कोणी शास्त्री त्यांच्यापुढे उभा राहणे शक्य नव्हते.

स्मृतींतील ही सवलत उच्च वर्णांच्या आचारात मात्र केव्हाच मावळली होती. स्त्रीचा पुनर्विवाह कलियुगात वर्ज्य, पराशराचे वचन दुसऱ्या युगाला लागू, अशी व्यवस्था मध्ययुगीन टीकाकारांनी लावून दिली आणि ब्राह्मण व तत्सम जातींनी ती पाळली. बाकीच्या समाजाने ती कधी मनावर घेतली नाही. कुणबी, माळी, धनगर, कोळी, महार अशा असंख्य जातींत पाट लावण्याची, म्हणजे बाईने दुसरे लग्न करण्याची, चाल होती, कोठे तिला मोहतूर म्हणत. पाटावर सरकारने पाटदाम नावाची पट्टी बसवली होती, आणि ज्या गोष्टीवर सरकार कर घेते ती गोष्ट राजरोस चालते हे निराळे सांगावयास नको. विधवेप्रमाणेच टाकलेल्या किंवा नांदवण न मिळालेल्या बाईलाही पाटाची वाट मोकळी असे. त्यासाठी पंच बसत, दोन्हीकडची माणसे बोलावली जात, नवऱ्याने सोडचिठ्ठी किंवा फारखत लिहून द्यावी अथवा पंचांसमक्ष गवताची काडी मोडावी, आणि बाईला करून घेणाऱ्या नव्या नवऱ्याने जुन्याचा लग्नखर्च फेडावा, असा व्यवहार असे.

मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात दक्षिणेतील जातींच्या चालीरीती गोळा करण्याचे काम आर्थर स्टील या अधिकाऱ्याकडे आले आणि त्याचे पुस्तक १८२७ मध्ये निघाले. शास्त्र्यांची मते आणि जातींच्या चाली त्यात शेजारी शेजारी नोंदलेल्या आहेत. पंचांची दृष्टी मुख्यतः एका गोष्टीवर असे: नवरा बायकोला नांदवतो आहे की नाही, तिला अन्नवस्त्र देतो आहे की नाही. तो वेड्यासारखा भटकतो आहे, मुलूख सोडून गेला आहे किंवा सरकारच्या बेडीत पडला आहे, हा भेद त्यांना दुय्यम होता. अपराधाचा कलंक बायकोला लागतो की नाही या नैतिक मीमांसेत न पडता, तिचे पोट कोण भरणार एवढाच प्रश्न ते सोडवीत.

या पंचांचे गुणगान करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. लग्नखर्चाची फेड म्हणजे बाईच्या अंगावर चढलेले कर्ज दुसऱ्या पुरुषाने चुकवणे होते; तिचे मत विचारले जाई ते बहुधा अखेरीस, आणि दंडाची रक्कम जातीच्या जेवणावळीत जाई. जातपंचायतींच्या जुलुमाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून त्या संस्थेच्या दुसऱ्या बाजूची कल्पना येईल. तथापि, बाईने उरलेला जन्म कसा काढावा या प्रश्नाला त्या पंचांपाशी काही उत्तर होते, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

इंग्रजी अंमल स्थिर झाला आणि शिक्षेला वर्षांचे माप आले. अवयव तोडण्याची क्रूर चाल बंद झाली हे निःसंशय चांगले झाले. परंतु तिच्या जागी दीर्घ कैद आणि काळे पाणी आले. मुंबई इलाख्यातील कैदी १८१५ नंतर मॉरिशसला, पुढे सिंगापूर-मलाक्काकडील वसाहतींत धाडले जात; १८५७ च्या उठावानंतर, १८५८ च्या मार्च महिन्यात, पोर्ट ब्लेअरची वसाहत उघडली आणि अंदमान हे जन्मठेपेचे दुसरे नाव झाले. देशातल्या देशात ठाणे, येरवडा यांसारखे मोठे तुरुंग उभे राहिले. १८६० चा भारतीय दंडसंग्रह १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला, त्याने कलमाकलमाला मुदत नेमून दिली. सात वर्षे, दहा वर्षे, जन्मपर्यंत. एखादा कोळी किंवा रामोशी दरोड्याच्या गुन्ह्यात समुद्रापलीकडे गेला म्हणजे त्याच्या गावाच्या दृष्टीने तो मेल्यातच जमा होई. त्याची बायको जातीपुढे जाई, पंच जुन्या वहिवाटीने तिला परवानगी देत, आणि ती पाट लावी.

याच ठिकाणी नव्या कायद्याने तिला गाठले. दंडसंग्रहाच्या ४९४ व्या कलमाने पती जिवंत असता दुसरे लग्न करणाऱ्या स्त्रीस सात वर्षांपर्यंतची कैद सांगितली. पहिला विवाह सक्षम न्यायालयाने रद्द ठरवलेला असेल, किंवा जोडीदार सतत सात वर्षे बेपत्ता असून तो जिवंत असल्याचे कानावर आलेले नसेल, तरच सुटका. यातील सात वर्षांचा अपवाद इंग्लंडात पहिल्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत झालेल्या द्विभार्याविषयक कायद्यापासून चालत आलेला होता. कैद्याच्या बायकोला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण बेपत्ता होण्यात कैद्याइतका असमर्थ दुसरा कोणी नसतो. त्याचे नाव, वय, जात, अंगावरच्या खुणा, रोजचे काम आणि मिळालेली सूट हे सारे दफ्तरात लिहिलेले असते. घरातून तो पुरता नाहीसा झालेला असला तरी सरकारच्या वहीत तो रोज हजर असतो.

राहता राहिली जातीची परवानगी. तिचा निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयाने दोन खटल्यांत लावला. १८६४ मध्ये तळपदा कोळी जातीतील एक बाई नवऱ्याच्या संमतीवाचून दुसऱ्या घरी नांदावयास गेल्याचे प्रकरण आले, तेव्हा अशी चाल हिंदू कायद्याच्या मूळ वृत्तीशीच विसंगत असल्याने ती मानता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. १८७६ मध्ये संभू रघूच्या खटल्यात ते आणखी पुढे गेले: विवाह मोडल्याचे जाहीर करण्याचा किंवा बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मान्य करणार नाहीत, आणि जातीची परवानगी पुरेशी आहे अशी प्रामाणिक समजूत असणे हाही बचाव नाही. नवऱ्याने स्वतः फारखत दिली असेल आणि जातीची तशी चाल सिद्ध होत असेल, तर मात्र न्यायालये ती मानीत. म्हणजे सारे येऊन थांबले ते कैद्याच्या मर्जीवर. ज्याच्या अपराधामुळे संसार मोडला, त्यानेच कोठडीतून लिहून दिले तर बाई मोकळी; त्याने रागाने, हेक्याने किंवा केवळ अक्षरशत्रू असल्यामुळे लिहून दिले नाही, तर ती बांधलेलीच. ब्राह्मणी आचार हाच साऱ्या हिंदूंचा कायदा समजण्याची ही न्यायालयीन खोड त्या काळी अनेक बाबतींत दिसते. येथे तिचा परिणाम असा झाला की जी मोकळीक गरीब जातींच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली, ती सुधारणेच्या नावाखाली नाहीशी झाली.

हा प्रश्न पत्नीचाच होता, पतीचा नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. हिंदू पुरुषाला कितीही बायका करण्याची मुभा असल्याने तुरुंगात गेलेल्या स्त्रीच्या नवऱ्याला घटस्फोटाची गरजच भासत नसे. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक कायदा करीपर्यंत ही स्थिती राहिली. उलट विवाह टिकवण्यासाठी स्त्रीला तुरुंग दाखवण्याची सोय कायद्याने करून ठेवली होती. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना महिन्याच्या आत सासरी जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. पत्नीने नांदावे म्हणून तिला कैदेची धमकी देणारा कायदा, पती कैदेत असल्यामुळे नांदवू शकत नाही तेव्हा मात्र मौन धरीत होता. नांदण्याच्या हुकुमापायी पत्नीस कैद करण्याची ही तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली.

समुद्रापलीकडे सरकारचेच धोरण याहून निराळे होते. पोर्ट ब्लेअरला पुरुष कैद्यांची संख्या प्रचंड आणि स्त्रियांची अत्यल्प. वसाहत स्थिरावावी म्हणून कैद्यांच्या बायकांना तिकडे नेण्याचे प्रयत्न झाले, पण जाणाऱ्या फार थोड्या निघाल्या. तेव्हा ठरावीक वर्षे चांगल्या वर्तनाने काढलेल्या आणि स्वतःच्या मिळकतीवर राहण्याचा परवाना मिळालेल्या पुरुषांना स्त्री कैद्यांशी लग्न करण्याची मुभा देण्यात आली. या लग्नांवर अधिकाऱ्यांची करडी नजर असे, उभयतांच्या स्वकीय कायद्याप्रमाणे काही अडथळा आहे काय हे पाहिले जाई, लग्नाची नोंद होई, आणि त्यांतून जन्मलेल्या संततीचा एक स्वतंत्र समाज तेथे वाढला. अपराध्याला पुन्हा संसारी करण्यासाठी सरकारने इतकी यातायात केली. त्याच्या गावी राहिलेल्या निरपराध स्त्रीसाठी तशी एकही तजवीज केली नाही.

राजकीय कैद्यांच्या घरचा इतिहास वेगळ्या दृष्टीने वाचावा लागतो. बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप झाली. त्यांच्या पत्नी येसूवहिनी १९१९ मध्ये वारल्या, त्या वेळी बाबाराव अंदमानातच होते. अशा घरांतील स्त्रियांनी विवाहमोक्षाची इच्छा धरली नाही, आणि त्यांच्या निष्ठेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु निष्ठेचे मोल कायद्याला कळावयाचे तर दुसरा मार्ग खुला असावा लागतो. रशियात १८२५ च्या डिसेंबरातील बंडानंतर सरदारपुत्र सैबेरियात पाठवले गेले, तेव्हा झार पहिल्या निकोलसने त्यांच्या पत्नींना विवाहबंधनातून मोकळे होण्याची परवानगी दिली होती. त्रुबेत्स्काया आणि वोल्कोन्स्काया या सरदारपत्नींनी ती झिडकारली, सरदारकीचे हक्क सोडून दिले आणि पतींच्या मागे खाणींच्या मुलखात गेल्या. त्यांचे जाणे ही त्यांची निवड होती असे आपण म्हणू शकतो ते त्या परवानगीमुळेच. जिला परवानगीच नाही, तिची निष्ठा आणि तिची अगतिकता यांत कायद्याला फरक करता येत नाही.

युरोपात या प्रश्नाची परंपरा मुळातच वेगळ्या कल्पनेतून निघाली होती. तेथे भर कलंकावर होता. फ्रान्सच्या राज्यक्रांतीने २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने घटस्फोट आणला, तेव्हा देहदंडाची किंवा अप्रतिष्ठा आणणारी शिक्षा झालेल्या जोडीदारापासून फारकत घेण्याची मुभा दिली. १८०४ च्या नेपोलियनी संहितेने ती राखली. त्याच संहितेत नागरी मृत्यूची कल्पना होती: काही घोर शिक्षा झालेला माणूस कायद्याच्या दृष्टीने मेलेला समजला जाई, त्याची इस्टेट वारसांकडे जाई आणि त्याचा विवाह आपोआप संपे, मग पत्नीची इच्छा असो वा नसो. ही अमानुष कल्पना १८५४ मध्ये रद्द झाली. घटस्फोट १८१६ मध्ये बंद होऊन १८८४ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि कैदेचे कारण त्यात पुन्हा आले.

या परंपरेचा एक धागा आपल्या दारापर्यंत पोहोचला तो पोर्तुगालमार्गे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजेशाही कोसळली आणि महिना उलटतो न उलटतो तोच, ३ नोव्हेंबरला, नव्या प्रजासत्ताकाने घटस्फोटाचे फर्मान काढले. त्यातील कारणांच्या यादीत व्यभिचार, क्रूर वर्तन, घर सोडून जाणे, बेपत्ता होणे, असाध्य वेड, जुगाराचे व्यसन यांबरोबर एक कारण असे होते की, जोडीदारास दंडसंग्रहातील ठरावीक मोठ्या शिक्षांपैकी एखादी अंतिमतः झालेली असावी. पती आणि पत्नी दोघांनाही ते सारखेच लागू होते. हे फर्मान गोव्यात लागू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत विनायक दामोदर सावरकरांना पहिली जन्मठेप सुनावली गेली. तेरेखोल नदीच्या अलीकडे कैद्याच्या हिंदू पत्नीला कोणतीच दाद नव्हती, पलीकडे ती कायद्याने लिहून दिलेली होती. चर्चमध्ये लागलेल्या कॅथलिक विवाहांना पोर्तुगीज सरकारने १९४६ च्या हुकुमाने घटस्फोटाबाहेर काढले, हे खरे. पण बाकीच्यांसाठी १९१० चे फर्मान गोवा १९६१ मध्ये मुक्त झाल्यावरही चालू ठेवण्यात आले.

हिंदुस्थानातील इंग्रजी मुलखात हे दार पहिल्यांदा उघडले ते मुंबईच्या पारशांनी, आणि तेही इंग्लंडच्या पुढे जाऊन. इंग्लंडमधील घटस्फोटाच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ मध्ये बहुमताने जी नवी कारणे सुचवली, त्यांत फाशीची शिक्षा कमी होऊन कैद झालेल्या जोडीदाराचा समावेश होता. पार्लमेंटने १९३७ मध्ये कायदा सुधारला तेव्हा परित्याग, क्रूरता आणि असाध्य वेड ही कारणे घेतली, कैदेचे वगळले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्याने ते कारण स्पष्ट शब्दांत घातले होते: प्रतिवादी दंडसंग्रहातील अपराधासाठी सात वर्षांची किंवा अधिक कैद भोगत असावा, आणि दावा लावण्यापूर्वी त्याने त्यातील निदान एक वर्ष भोगलेले असावे. समाजातील प्रतिनिधींना न्यायाधीशाबरोबर बसवणारे पारशांचे विवाह न्यायालय १८६५ पासूनच होते. त्यामुळे पंच आणि न्यायाधीश यांची जी फारकत बाकीच्या समाजात झाली, ती या एका समाजाने टाळली, आणि व्यवहाराला सोसेल असा नियम घडवणे त्याला सोपे गेले.

मुसलमान स्त्रीला ही दाद १९३९ मध्ये मिळाली. हनफी पंथाच्या नियमांप्रमाणे पत्नीला न्यायालयातून सुटका मिळवणे अतिशय कठीण होते. बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने त्याच्या पिढीची माणसे संपेपर्यंत वाट पाहावी, इतका तो नियम कडक होता. गांजलेल्या काही बायका विवाह तुटावा म्हणून धर्मच सोडू लागल्या, तेव्हा मौलाना अश्रफ अली थानवी यांच्यासारख्या आलिमांनी मालिकी पंथाचे उदार नियम स्वीकारण्यास संमती दिली आणि काझी मोहंमद अहमद काझमी यांनी विधेयक मांडले. त्यातून झालेल्या कायद्यात नवऱ्याला सात वर्षांची किंवा अधिक कैद होणे हे तिसरे कारण आहे. शिक्षा अंतिम झाल्यावाचून हुकूमनामा देऊ नये एवढीच अट. चार वर्षे बेपत्ता असणे आणि दोन वर्षे अन्नवस्त्र न देणे ही पहिली दोन कारणे त्याच्याच शेजारी आहेत, म्हणजे जुन्या पंचांची दृष्टी येथे कायद्याच्या भाषेत परत आलेली दिसते.

हिंदू समाजात घटस्फोट हाच वादाचा विषय होता, तेथे त्याच्या कारणांची छाननी कोण करतो! हरिसिंग गौर यांनी १९२८ मध्ये आणि डॉ. गोपाळराव देशमुख यांनी १९३८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रयत्न केले, ते तडीस गेले नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये केला, पण त्याच्या कारणांत वेड, महारोग, चार वर्षांचा परित्याग, सात वर्षे बेपत्ता असणे वगैरे होते, कैद नव्हती. हिंदू संहितेच्या विधेयकावरून इतके रण माजले की डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे त्या संहितेचे तुकडे करून कायदे झाले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात सात वर्षांच्या कैदेचे कारण आले, प्रारंभी तीन वर्षे भोगून झालेली असावीत अशा अटीसह. ती अट पुढे निघून गेली. त्याच्या मागोमाग १८ मे १९५५ रोजी अंमलात आलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मात्र हे कारण नाही. नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यास जे मिळाले, ते सप्तपदी चालणाऱ्यास मिळाले नाही. त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने चालीरीतीप्रमाणे होणाऱ्या विवाहमोक्षाला संरक्षण दिले, म्हणजे पंचांच्या ज्या काडीमोडीला न्यायालयांनी नव्वद वर्षे दूर सारले तिला संसदेने मागच्या दाराने पुन्हा घरात घेतले. मात्र ती चाल प्राचीन, अखंड आणि निश्चित असल्याचा पुरावा देण्याचे ओझे बाईच्याच डोक्यावर राहिले.

त्यानंतरचा इतिहास हा पर्याय शोधण्याचा इतिहास आहे. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता आणि दोन वर्षांचा परित्याग ही घटस्फोटाची कारणे झाली आणि परस्परसंमतीचा मार्ग आला. परस्परसंमती म्हणजे पुन्हा कैद्याची सही. परित्यागासाठी सोडून जाण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि सरकारने उचलून नेलेला माणूस आपण होऊन गेला असे म्हणता येत नाही. उरते ती क्रूरता. अलीकडे काही उच्च न्यायालयांनी खुनासारख्या अपराधातील जन्मठेप ही जोडीदाराच्या वाट्याला आलेली मानसिक क्रूरताच होय, अशी भूमिका घेतली आहे. ती मानवी आहे, परंतु ती न्यायाधीशाच्या समजुतीवर अवलंबून आहे. ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यात २००१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तेव्हाही हे कारण आत आले नाही.

परिणामी एकाच अपराधात, एकाच तुरुंगात, एकाच मुदतीसाठी गेलेल्या चार माणसांच्या घरी चार वेगळे कायदे नांदतात. पारशाची पत्नी वर्षभराने दावा लावू शकते, मुसलमानाची पत्नी शिक्षा कायम होताच. नोंदणी विवाह झालेलीला सात वर्षांचा आकडा पुरतो, हिंदू पत्नीला आपला छळ झाला असे शाबित करावे लागते. शिवाय सातचा आकडा सर्वत्र शिक्षेचा आहे. खटला उभाच न राहिल्यामुळे वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत खितपत पडलेल्याच्या घरचे दिवस कोणत्याच कलमात मोजले जात नाहीत.

कलंकावर बोट ठेवणाऱ्या युरोपीय कायद्याने कैद्याला मेलेला ठरवण्यापर्यंत मजल मारली, आणि शिक्षा भोगून सुधारलेल्या माणसावरही तो अन्यायच होता. जातीच्या पंचांनी अपराधाची चर्चा बाजूला ठेवून नांदवण होते की नाही एवढेच विचारले, आणि माझ्या मते प्रश्न विचारण्याची तीच रीत योग्य होती. तिच्यात बाईच्या संमतीला जागा नव्हती हा तिचा दोष, आणि तो दूर करणे कायद्याला सहज शक्य होते. १८६४ आणि १८७६ च्या निकालांनी हा अधिकार पंचांच्या हातून काढून घेतला, तेव्हा तो चालवण्याचे कर्तव्यही ओघानेच न्यायालयांवर आणि कायदेमंडळावर आले. पारशी, मुसलमान आणि नोंदणी विवाह करणारे यांच्याबाबत ते कर्तव्य उशिरा का होईना पार पडले. ज्या जातींची जुनी वाट बंद करून हा सारा प्रकार सुरू झाला, त्यांच्या स्त्रियांसाठी हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात एक स्वच्छ पोटकलम घालण्याचे काम अद्याप शिल्लक आहे, आणि ते करताना शिक्षेच्या आकड्याबरोबर प्रत्यक्ष गैरहजेरीची वर्षेही मोजली गेली पाहिजेत.